श्रीलंका सायकलवरून : पंधरा दिवसांचा खर्च किती आणि कुठे?

मुंबईहून निघून पंधरा दिवस श्रीलंकेत सायकल चालवायची आणि परत यायचं, तर दोघांनी मिळून जाताना माणशी ७५ ते ८० हजार रुपये बाजूला काढावेत. यातले तीस हजार तिथल्या मातीवर पाय ठेवण्याआधीच खर्च होतात. विमान, सायकलचं सामान, प्रवेशपरवाना आणि विमा यांत ते जातात. पुढे रोजचा खर्च माणशी अडीच हजार भारतीय रुपयांच्या आत बसतो आणि त्यात झोपायला स्वच्छ खोली, पोटभर जेवण, शहाळी आणि रेल्वेचं तिकीट असं सगळं येतं.

सायकलप्रवासात खिसा रिकामा होतो तो दोन जागी. एक, सायकल तिथवर नेण्यात. दोन, दमल्यावर ती घाईघाईने गाडीत टाकण्यात. पहिला खर्च टळत नाही. दुसरा मात्र मार्ग आणि मुक्काम नीट आखले तर बराचसा टळतो. म्हणून आधी मार्ग पाहू, मग पैसा.

लेखातले दर २०२५च्या सुमाराचे आणि अंदाजाचे आहेत. एक भारतीय रुपया म्हणजे साधारण ३.४ श्रीलंकी रुपये असा हिशेब धरला आहे. ‘श्री. रु.’ लिहिलं असेल तिथे श्रीलंकी रुपये समजावेत.

मार्ग : सारं काही पाहायचा हट्ट महागात पडतो

श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त. नकाशा पाहून वाटतं, पंधरा दिवसांत पूर्ण बेटाला प्रदक्षिणा होईल. होईलही, पण रोज शंभर किलोमीटर उन्हात तुडवून. चौथ्या-पाचव्या दिवशी पाय बोलायला लागतात आणि मग व्हॅन शोधावी लागते. त्यापेक्षा हा मार्ग पाहा :

• नेगोंबो ते पुत्तलम : सुमारे ९५ किमी, सपाट, किनाऱ्याला समांतर. पहिलाच दिवस लांबचा वाटला तर चिलावला मुक्काम करावा.
• पुत्तलम ते अनुराधापुर : ७५ किमी. इथे दोन रात्री.
• अनुराधापुर ते सिगिरिया : ७५ ते ८० किमी. दोन रात्री.
• सिगिरिया ते कँडी, दांबुल्ला आणि मातलेमार्गे : ९० किमी, शेवटी चढ. दोन रात्री.
• कँडी ते नुवारा एलिया : हा टप्पा गाडीने. कारण पुढे दिलं आहे.
• नुवारा एलिया ते एल्ला : ५५ ते ६० किमी. दोन रात्री.
• एल्ला ते तिस्सामहाराम, वेल्लवायामार्गे : ९० किमी, सुरुवातीला मोठा उतार.
• तिस्सामहाराम ते तंगल्ल : ७० किमी.
• तंगल्ल ते मिरिसा : ४५ ते ५० किमी.
• मिरिसा ते गाल : ३५ किमी. पुढे रेल्वेने कोलंबो आणि शेवटची रात्र पुन्हा नेगोंबोला.

एकूण सायकलिंग साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास होतं. यात प्राचीन राजधानी, तळ्यांचा सपाट प्रदेश, चहाचे डोंगर आणि दक्षिणेचा समुद्र, चारही येतात.

सुरुवात कोलंबोहून करू नये. विमानतळ शहरात नाही, तो उत्तरेला कटुनायके इथे आहे. तिथून नेगोंबो जेमतेम दहा किलोमीटर. कोलंबोत शिरलात तर गाडीभाडंही जातं आणि पहिली सकाळ गर्दीतून बाहेर पडण्यात जाते. नेगोंबोच्या अनेक गेस्टहाउसमध्ये सायकलचं रिकामं खोकं परतीपर्यंत ठेवून घेतात. खोली ठरवतानाच हे विचारून घ्यावं.

हंगाम : चुकीचा महिना म्हणजे वाया गेलेलं विमानभाडं

या बेटाला दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस दक्षिण-पश्चिम किनारा आणि डोंगर भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या काळात ईशान्य मोसमी पाऊस उत्तर आणि पूर्व भागात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गडगडाटी पाऊस कुठेही गाठतो आणि चक्रीवादळांचाही तोच काळ. वरच्या मार्गासाठी जानेवारीअखेर ते मार्च हा काळ उत्तम. पूर्व किनारा करायचा असेल तर जून ते ऑगस्ट.

नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळामुळे डोंगराळ भागात दरडी कोसळल्या आणि रस्ते व रेल्वेमार्गाची मोठी हानी झाली. कँडी, नुवारा एलिया आणि एल्ला या टप्प्यांत रस्ता आणि रेल्वे सुरू आहेत का, हे मुक्कामाच्या घरमालकांना आधी विचारावं. त्यांच्याइतकी ताजी माहिती कुठे मिळत नाही.

सणही पाहावेत. १३-१४ एप्रिलच्या सिंहली-तमिळ नववर्षाला दुकानं काही दिवस बंद असतात. जुलै-ऑगस्टमधल्या कँडीच्या एसला पेराहेराच्या दिवसांत तिथल्या खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढतात. दर पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते आणि गाड्या भरून जातात.

विमान आणि परवाना

मुंबई-कोलंबो थेट विमान अडीच तासांत पोहोचतं. आधी तिकीट काढलं तर जाऊन-येऊन १८ ते २८ हजार रुपये लागतात. सगळ्यात स्वस्त तिकिटात चेक-इन सामान कमी असतं, सायकलवाल्याला ते परवडत नाही. दोन कंपन्यांची तुलना करताना तिकीट अधिक सायकलचं सामान असा एकत्र आकडा मांडावा, तेव्हाच खरं स्वस्त कोणतं ते कळतं.

भारतीयांना प्रवासाआधी ‘ईटीए’ हा इलेक्ट्रॉनिक परवाना काढावा लागतो. तो ३० दिवसांचा असतो. सार्क देशांसाठी शुल्क २० डॉलर होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतासह काही देशांना ते माफ झालं आणि त्यानंतरही नियम बदलत राहिले. म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी अधिकृत सरकारी संकेतस्थळावरच शुल्क पाहावं. हुबेहूब दिसणारी दलालांची संकेतस्थळं जादा पैसे उकळतात. हिशेबात १,८०० रुपये धरून ठेवावेत. माफी असली तर ते वाचतील.

प्रवासविमा पंधरा दिवसांना साधारण हजार रुपये. पॉलिसी घेताना एकच प्रश्न लेखी विचारावा : सायकल चालवताना झालेला अपघात यात येतो का? काही पॉलिसींत सायकलिंग साहसी खेळांत टाकून वगळलेलं असतं.

स्वतःची सायकल की भाड्याची?

स्वतःची नेण्याचा खर्च जाऊन-येऊन तीन ते सहा हजार रुपये. खोकं आपल्या सायकलच्या दुकानात फुकट किंवा दोन-तीनशे रुपयांत मिळतं, बांधून हवं असेल तर पाचशे ते हजार जास्त. उरलेलं विमानकंपनीचं शुल्क. सायकल बारा-चौदा किलो, खोकं चार-पाच किलो, म्हणजे साधारण १८ किलोचा डाग होतो. खोक्याच्या लांबी-रुंदीची मर्यादा कंपनीला ईमेलने विचारून उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी. काउंटरवर हुज्जत घालण्याची वेळ येत नाही.

भाड्याने गिअरची, लांब पल्ल्याला चालणारी सायकल दिवसाला १५ ते २० डॉलरला पडते. पंधरा दिवसांचे २० ते २६ हजार भारतीय रुपये. म्हणजे आठवड्याहून जास्त फिरायचं तर स्वतःची न्यावी. चार-पाच दिवसांसाठी जात असाल तर भाड्याची बरी. अनुराधापुर आणि पोलोन्नरुवात मात्र साधी सायकल दिवसाला ५०० ते १,००० श्री. रु.ला मिळते आणि त्या सपाट अवशेषनगरींत तीच पुरते. सगळी सफर न करता फक्त या दोन गावी सायकल फिरवणं, हाही कुटुंबासाठी स्वस्त आणि छान पर्याय आहे.

संस्थेमार्फत जायचं, म्हणजे वाटाड्या, सामानाची गाडी आणि हॉटेलं तयार, तर दहा-बारा दिवसांना विमानभाडं सोडून लाखाच्या वर सहज जातं. साठीच्या पुढचे किंवा प्रथमच परदेशात सायकल चालवणारे यांच्यासाठी ते पैसे वाया जात नाहीत. इतरांना गरज नाही. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, गावोगावी इंग्रजी पाट्या आहेत आणि दर काही किलोमीटरला ‘कडे’ म्हणजे छोटं दुकान भेटतं.

सोबत दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, साखळीची जोडकडी आणि ब्रेकपॅडचा एक जादा जोड ठेवावा. गावातल्या दुकानांत २६ इंची ट्यूब मिळते. ७०० आकाराची, बारीक वॉल्व्हची ट्यूब कोलंबो-कँडी सोडून मिळणं कठीण.

चढाचा हिशेब

कँडी सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे आणि नुवारा एलिया १,८६८ मीटरवर. मधलं अंतर ७७ किलोमीटर. नुवारा एलियाचं गाव आपल्या कळसूबाईच्या शिखराहून, म्हणजे १,६४६ मीटरहून, उंच आहे. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी गाठताना साडेपाचशे-सहाशे मीटरचा चढ होतो. रंबोडाच्या बाजूने नुवारा एलिया गाठायचं तर एका दमात त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तेही वळणावर हॉर्न वाजवत येणाऱ्या बसगाड्यांच्या सोबतीने. पाठीवर सामान बांधून पसरणी घाट सलग दोनदा चढता येत असेल तर जरूर जावं. नाहीतर हा एक टप्पा गाडीने करण्यात काहीच कमीपणा नाही.

दोन मार्ग आहेत. कँडीहून रेल्वेने नानू ओया हे नुवारा एलियाचं स्टेशन गाठावं. सायकल पार्सल डब्यात जाते. गाडी सुटण्याआधी तासभर पार्सल कार्यालयात जाऊन पावती करावी लागते आणि तिचे काहीशे श्री. रु. होतात. प्रत्येक गाडीला हा डबा नसतो, म्हणून आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन विचारावं. आरक्षित जागा महिनाभर आधी खुल्या होतात आणि लवकर संपतात. दुसरा मार्ग व्हॅनचा : १२ ते १८ हजार श्री. रु., दोन सायकलींसह. दोघांत वाटला तर माणशी दोन-अडीच हजार भारतीय रुपये.

हा खर्च आधीच धरला की पुढचा दिवस वसूल होतो. नुवारा एलियाहून निघालं की सीता एलियाचं मंदिर लागतं, मग हक्गला, वेलिमडा, आणि दोन्ही बाजूंना भाजीचे वाफे आणि चहाचे मळे. बंदारवेलाआधी एक चढ आहे, त्यासाठी पाय राखून ठेवावेत. एल्लाहून वेल्लवायाकडे उतरताना रावण धबधबा अगदी रस्त्याला लागून आहे. इथे ब्रेक सतत दाबून धरू नयेत, रिम तापते. थांबत, ब्रेक गार होऊ देत उतरावं. सफरीआधी नवे ब्रेकपॅड बसवायला लागणारे तीनचारशे रुपये हा या साऱ्या यादीतला सगळ्यात गरजेचा खर्च आहे.

राहणं

घरगुती गेस्टहाउसमध्ये दोघांची खोली ४ ते ८ हजार श्री. रु., बऱ्याचदा सकाळच्या खाण्यासह. सरासरी ६ हजार धरली तर माणशी रोज ३ हजार श्री. रु., म्हणजे नऊशे भारतीय रुपयांच्या आत. एल्ला आणि मिरिसा इथे डिसेंबरअखेर ते मार्च दर चढे असतात. एकटे असाल तर वसतिगृहातला एक पलंग अडीच ते चार हजार श्री. रु.ला मिळतो, पण तो मोठ्या पर्यटनगावांतच. पुत्तलम, तंगल्लसारख्या ठिकाणी खोलीचेच पूर्ण पैसे पडतात. त्यामुळे एकट्याचा राहण्याचा खर्च दोघांतल्या एकापेक्षा बराच जास्त होतो.

पहिल्या आणि शेवटच्या मुक्कामाचं आरक्षण आधी करावं. मधलं आदल्या दिवशी फोन करून ठरवावं. सायकलवर पाऊस, वारा, पंक्चर यांनी बेत बदलतो आणि परत न मिळणारी आगाऊ रक्कम बुडते. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात : सायकल आत ठेवता येईल का, खोलीत पंखा आणि मच्छरदाणी आहे का, रात्रीचं जेवण कितीला? घरचं जेवण १,२०० ते १,८०० श्री. रु.ला मिळतं आणि बहुतेक वेळा पर्यटकांच्या हॉटेलांपेक्षा सरस असतं.

खाणं-पाणी

दुपारच्या जेवणाला रस्त्यावरचं ‘राइस अँड करी’ गाठावं. भात, नारळाच्या दुधातली मसूर डाळ म्हणजे परिप्पू, दोन-तीन भाज्या, पापड आणि ओल्या खोबऱ्याचा तिखट पोल संबोल. प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून बांधून देतात. शाकाहारी पुडा ३५० ते ६०० श्री. रु.ला. अकराच्या सुमाराला पुडे गरम येतात, दोननंतर संपतात.

शाकाहारी वाचकांनी एक ध्यानात ठेवावं. पोल संबोलात आणि कित्येक भाज्यांत ‘उंबलकड’ म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. नुसतं ‘व्हेज’ म्हटल्याने तो टळत नाही. ‘मस् माळु एपा, उंबलकड एपा’, म्हणजे मटण-मासळी नको, सुका मासाही नको, असं सांगावं. लोक मनापासून ऐकतात आणि कशात काय आहे ते बोटाने दाखवतात.

सकाळी आप्पा, इंदिआप्पा किंवा पोल रोटी. चहा १०० ते १५० श्री. रु. तिस्सामहाराम-हंबनतोटाच्या रस्त्यावर म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि कितुल माडाचा पातळ गूळ मिळतो, तो चुकवू नये. एकूण खाण्याला माणशी रोज २,५०० श्री. रु. पुरतात.

पाण्यावर काटकसर करू नये. त्या दमट उन्हात दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं. दीड लिटरची बाटली १०० ते १५० श्री. रु. अनुराधापुरच्या परिसरात मूत्रपिंडाचा एक दीर्घ आजार फार पसरलेला आहे. तिथले लोक स्वतः गाळलेलं आरओचं पाणी विकत आणून पितात. ते लिटरला काही रुपयांत मिळतं, त्याने बाटल्या भराव्यात, विहिरीचं पाणी पिऊ नये. दिवसातून दोन केशरी शहाळी, तिथली ‘तांबिली’, १५० ते २५० श्री. रु.ला एक. पाणी पिऊन झालं की विक्रेता कोयत्याने शहाळं दुभागतो आणि सालीचाच एक कपचा मलई खरवडायला देतो. उन्हात तासभर पुढे जायला एवढं पुरतं. पाणी आणि शहाळी मिळून रोज ७०० श्री. रु. धरावेत.

प्रवेशशुल्क

पासपोर्ट कायम जवळ ठेवा, त्याने पैसे वाचतात. सिगिरिया आणि अनुराधापुर इथे परदेशी पर्यटकांना ३० ते ३५ डॉलर मोजावे लागतात, सार्क देशांच्या नागरिकांना साधारण निम्मे. खिडकीवर आपणहून पासपोर्ट दाखवावा. कँडीचं दंतधातू मंदिर, दांबुल्लाची लेणी वगैरे मिळून आणखी ५ हजार श्री. रु. धरावेत. सिगिरियाचं शुल्क जड वाटलं तर समोरच्या पिदुरंगला टेकडीवर थोड्या पैशांत चढता येतं आणि सिगिरियाचा सुळका तिथूनच पूर्ण दिसतो. मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून सायकलच्या चड्डीवर चढवायला एक हलका पायजमा ठेवावा.

तिस्सामहारामजवळच्या ‘याला’ राष्ट्रीय उद्यानात सायकल चालत नाही. जीप आणि प्रवेश मिळून मोठा खर्च होतो. तो खालच्या हिशेबात धरलेला नाही.

पैसे आणि फोन

फेब्रुवारी २०२४पासून श्रीलंकेत यूपीआय चालतं, पण ठराविक क्यूआर असलेल्या दुकानांतच. खेड्यात रोख लागते. एटीएममधून दर वेळी शुल्क कापलं जातं, म्हणून थोडे थोडे काढण्याऐवजी मोजक्याच वेळा जास्त काढावेत. पर्यटकांचं सिमकार्ड दीड ते तीन हजार श्री. रु. टुकटुक लागली तर ‘पिकमी’ हे तिथलं ॲप वापरावं, भाव ठरवण्याची कटकट राहत नाही.

सुरक्षा

द्रुतगती मार्गांवर सायकलला बंदी आहे. कोलंबो-गाल हा ए-२ रस्ता खुला असला तरी खासगी बस तिथे अंगावर येतात. म्हणूनच गालहून पुढे रेल्वे धरली आहे. मुख्य ‘ए’ रस्त्याला समांतर ‘बी’ रस्ता असेल तर तो घ्यावा, पाच किलोमीटर जास्त पडले तरी. सिगिरिया-हबरणा आणि बुत्तल-कतरगाम या भागांत रानटी हत्ती रस्त्यावर येतात. पहाटे आणि चारनंतर तिथे सायकल चालवू नये. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घ्यावी.

एकूण हिशेब (माणशी, १५ रात्री, दोघे मिळून, भारतीय रुपयांत)

• विमान : २३,०००
• सायकलचं खोकं आणि विमानातलं शुल्क : ४,५००
• ईटीए : १,८००
• विमा : १,०००
• राहणं : १३,२००
• खाणं : ११,०००
• पाणी, शहाळी : ३,१००
• प्रवेशशुल्क : ४,६००
• रेल्वे, व्हॅन : २,९००
• सिमकार्ड व किरकोळ : १,५००
• राखीव : १०,०००
• एकूण : ७६,६००

राखीव रक्कम वगळण्याचा मोह टाळा. एक दिवस आजारात गेला, चाक वाकलं किंवा रस्ता बंद झाला तर तीच सफर वाचवते. कात्री लावायची तर ती ठिकाणांच्या संख्येला लावा. डोंगर वगळून नेगोंबो, अनुराधापुर, सिगिरिया, कँडी आणि परत असं दहा दिवसांत केलं तर पंधरा हजार रुपये सहज वाचतात आणि दमही राहतो.

सायकलवाल्याचा पैसा मोठ्या हॉटेलांत फारसा जात नाही. तो पुड्यातला भात विकणाऱ्या बाईकडे, शहाळेवाल्याकडे, तीन खोल्या भाड्याने देणाऱ्या कुटुंबाकडे जातो. २०२२च्या आर्थिक संकटात आणि नंतरच्या वादळात याच घरांना सर्वांत जास्त झळ बसली. म्हणून शंभर रुपयांसाठी खोलीचा भाव पाडू नका आणि जमेल तिथे रात्रीचं जेवण घरच्यांकडेच सांगा. विमानभाड्यात, हंगामात आणि मार्गात कसून बचत करा. गावात मात्र हात सढळ ठेवा.